सरांच्या पाच बकऱ्या

तेरवीच्या पंगतीत बसलेल्या माणसाने, ज्याचा बाप गेला त्या मुलालाच, "भात किती उरेल, अंदाजे?" असं विचारू नये. आमच्या सरांनी विचारलं. मी शेजारच्याच पाटावर होतो. डोक्याचा गोटा केलेला तो पोरगा वरणाची बादली हातात घेऊन क्षणभर थांबला आणि म्हणाला, "उरन थोडाक." सरांनी खिशातून वही काढली, लिहिलं, "थोडा म्हणजे नेमका किती?" असं पुन्हा विचारलं, आणि पोरगा पुढे निघून गेला तेव्हा मला म्हणाले, "बघा, मोजमापाची सवयच नाही ह्या लोकांना."

"ह्या लोकांना" म्हणजे त्यांच्याच गावच्या लोकांना. सर त्याच गावात जन्मले, तिथल्याच धुळीत वाढले, पुढे बाहेरच्या एका शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले आणि परत आले ते पुण्याची भाषा बोलतच. पुण्यात ते एकदा बी.एड.साठी वर्षभर राहिले होते. तेवढ्या वर्षावर त्यांनी पुढची चाळीस वर्षं "आहे", "नाही", "मला", "तुम्हाला" असं चालवलं. राग आला की मात्र सगळं गळून पडायचं आणि खालचं खरं माणूस बाहेर यायचं. "काऊन बे, मले शिकवून राह्यला काय?" हे मी त्यांच्या तोंडून बऱ्याचदा ऐकलं आहे. बहुतेक वेळा मलाच उद्देशून.

गाव संग्रामपूरच्या अलीकडचं, सातपुड्याच्या पायथ्याशी. मी तिथल्या जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होतो. शिक्षण पदविकेचं, पण गावात सगळे मला डॉक्टर म्हणत आणि मीही कधी दुरुस्त केलं नाही. सरांच्या घरातल्या पुढच्या दोन खोल्या मी भाड्याने घेतल्या होत्या. चार वर्षं राहिलो. त्या चार वर्षांत माझ्या कपड्यांना संत्र्याच्या सालींचा वास होता. माझं लग्न जमवायला आलेल्या एका पाहुण्याने, "मुलगा बागाईतदार हाये काय?" असं विचारल्याचं मला नंतर कळलं.

त्याचं कारण सरांचं वेड. "जगात कचरा नावाची वस्तू नाही," ते म्हणत. "फक्त आळशी माणसं आहेत." उरलेलं अन्न, फळांच्या साली, तुरीचं कुटार म्हणजे मळणीनंतरचा भुसा, केळीचे बुंधे, सगळ्याचं बकरीच्या पोटातून दूध करायचं, असा त्यांचा संकल्प. संकल्प वाईट नव्हता, हे मला आधीच सांगितलं पाहिजे, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल बरंच वाईट सांगणार आहे. आमच्या भागात उन्हाळ्यात जनावरांना चारा नसतो आणि जंगलात चराई बंद असते. त्याच दिवसांत संत्र्याच्या सालींचे ढीग आणि कुटाराच्या गंजी नुसत्या पडून असतात. दोन्ही गोष्टी डोळ्यांसमोर होत्या. त्या जोडायला अक्कल लागत नव्हती, धीर लागत होता. सरांकडे अक्कल होती.

शेगावला लोक दर्शनाला जातात, सर सालींना जात. स्टेशनबाहेरच्या रसवाल्यांकडून दोन पोती भरायची आणि बसमध्ये मागच्या सीटखाली कोंबायची. कंडक्टर बोलला तर त्याला सायट्रिक आम्लाचं सूत्र सांगायचं. एकदा पोतं फुटून साली बसभर झाल्या. एका म्हातारीचा पाय घसरला. तिला उठवायच्या आधी सरांनी साली उचलल्या. हे मला त्या म्हातारीच्या नातवानेच दवाखान्यात सांगितलं. तो कोंबडीची लस घ्यायला आला होता.

घरी गच्चीवर साली, अंगणात निळे प्लास्टिकचे ड्रम. ड्रमात काय काय आंबत असे ते देवाला माहीत. सर झाकण उघडून बोट बुडवत, चाखत आणि डोळे मिटून उभे राहत. मग चमचा माझ्याकडे यायचा. "चाखा. आपण जे खात नाही ते जनावराला द्यायचा आपल्याला अधिकार नाही." वाक्य चांगलं आहे. मी तीनदा चाखलं, तिसऱ्यांदा दोन दिवस दवाखाना बंद ठेवावा लागला.

त्यांच्या स्वतःच्या पाच बकऱ्या होत्या. त्यांना ते चरायला सोडत नसत. "चरणं म्हणजे ऊर्जेचा अपव्यय." गोठ्यात प्रत्येकीसमोर वेगळं घमेलं, घमेल्यावर अंक. नावं नाहीत. आता बकरी किती चिकित्सक जनावर आहे हे बकरी पाळणाऱ्या कोणालाही विचारा. पाय लागलेलं ती खात नाही, दुसरीने तोंड लावलेलं खात नाही, वास बदलला तर हुंगून तोंड फिरवते. सरांचे ड्रम उघडले की पाचही जणी भिंतीकडे तोंड करून उभ्या राहत. सर त्यांच्यावर खेकसत, "उपाशी राहा. विज्ञान थांबणार नाही." त्यांची पाठ वळली की काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, पदराखालून कडुनिंबाचा नाहीतर बोरीचा पाला आणून टाकायच्या. पाच बकऱ्या त्या पाल्यावर जगत होत्या आणि वहीत सर लिहीत होते, "नमुना क्र. ११ : स्वीकार समाधानकारक."

काकू फार बोलत नसत. घरात सरांचं बोलणं इतकं असे की दुसऱ्या माणसाला जागाच राहत नसे. चार वर्षांत त्यांनी मला विचारलेले प्रश्न मी बोटांवर मोजून सांगू शकेन. त्यातले निम्मे "पोहे चालतात न?" हेच.

आमच्या गल्लीच्या टोकाला शमीमबी राहायची. नवरा वारलेला, मुलगी सासरी. नऊ बकऱ्या होत्या, आणि त्यांच्या दुधावर तिचं चालायचं. गावातल्या बाळंतिणी, अंगावर दूध कमी असलेल्या आया, तापाने उठलेली माणसं सकाळी तिच्या दारात लोटे घेऊन उभी असत. नऊमधली तिची बिजली नावाची एक काळी बकरी होती. तसं दूध देणारी बकरी मी नोकरीभर दुसरी पाहिली नाही. शमीमबीला बकरीचं पोट नुसतं बघून कळे. डाव्या कुशीवर हात ठेवून ती सांगायची, "हिले काल पाणी कमी पडलं." मी नळी, थर्मामीटर घेऊन तपासायचो आणि तेच निघायचं.

त्या उन्हाळ्यात चाऱ्याची फारच ओढ होती. शमीमबी रोज दोन कोस जाऊन पाला आणायची आणि तिचे गुडघे गेले होते. म्हणून ती सरांकडे आली. मी ओट्यावर दाढी करत होतो. ती म्हणाली, "सर, तुमी म्हंता त्या सालीबिली माह्या बकऱ्या खातीन काय? मले आता चालनं होत नाई."

सरांचा चेहरा मी विसरणार नाही. चाळीस वर्षांनी पहिला विद्यार्थी स्वतःहून आला होता. "खातील नाही," ते म्हणाले, "मागून घेतील."

त्यानंतर चारच दिवसांनी गावात एक मोठं लग्न झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी सर एका छोट्या टेम्पोतून पातेली घेऊन आले. भात, पुऱ्या, बुंदी. मे महिना, रात्रभर झाकून ठेवलेलं अन्न. वास माझ्या ओट्यापर्यंत आला. सर टेम्पो घेऊन थेट गल्लीच्या टोकाला निघाले होते.

मला माहीत होतं. ह्यात कसलाही संशय नको. शिजलेला भात, मैदा, साखर, एकदम पोटभर, तेही सवय नसलेल्या बकरीला, म्हणजे पोटात आम्ल होतं आणि जनावर जातं. पदविकेच्या पहिल्या वर्षाला हे शिकवतात. मी ओट्यावरून म्हणालो, "सर, जरा बेतानंच..."

ते थांबले. "तुमचा अभ्यासक्रम किती वर्षांचा होता?"

"दोन."

"मी छत्तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं आहे," ते म्हणाले आणि टेम्पोवाल्याला हात केला.

मी गप्प बसलो. त्या दिवशी मला दुसऱ्या गावी लसीकरणाला जायचं होतं, बस चुकली असती, ही सगळी कारणं खरी होती. शिवाय घरमालक. मी बॅग उचलली आणि निघालो. शमीमबीचं घर बसथांब्याच्या वाटेवर होतं. मी मागच्या गल्लीने गेलो.

दुपारी तिचा फोन आला. "डॉक्टर, बिजली दात खाऊन राह्यली. डोकं भिंतीले लावून उभी हाये."

मी पोहोचलो तेव्हा चार बकऱ्या आडव्या होत्या. डावी कूस ढोलासारखी. भुकेपुढे आणि बुंदीच्या गोडीपुढे त्यांची चिकित्सा टिकली नव्हती. मी खाण्याचा सोडा पाण्यात कालवून नळीने पोटात सोडला, तेल पाजलं, पोट चोळलं. शमीमबी एकेकीचं डोकं मांडीवर धरून बसली होती. उरलेल्या पाच जणी कोपऱ्यात धडपणे उभ्या होत्या. त्या खादाड नव्हत्या म्हणून वाचल्या. बिजली संध्याकाळी गेली. दुसऱ्या दोन सकाळपर्यंत. चौथी आठ दिवसांनी उठली, पण आटली.

सकाळी सर आले. हातात वही. त्यांनी मेलेल्या तीन बकऱ्यांकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "प्रमाण चुकलं. ह्यांनी मर्यादेबाहेर खाल्लं. एकीचं पोट उघडून बघू या, उपयोगी माहिती मिळेल."

शमीमबीने मान वर केली. रात्रभर जागलेली, पण आवाज शांत होता. "सर, तुमच्या पाच बकऱ्यांले काऊन नाई टाकलं?"

"त्या कंट्रोल आहेत," सर म्हणाले. "तुलनेसाठी. प्रयोगात काही जनावरं न बदललेल्या आहारावर ठेवावी लागतात, नाहीतर निष्कर्ष काढता येत नाही."

नमुना क्रमांक एक ते अकरा ह्याच पाच जणींपुढे ठेवले गेले होते. तिला कंट्रोल कळलं की नाही मला माहीत नाही. बाकी सगळं कळलं. ती म्हणाली, "घरी जा सर." आणि सर, ज्यांना आयुष्यात कोणी वर्गाबाहेर काढलं नव्हतं, वही मिटून घरी गेले.

मग ती माझ्याकडे वळली. "डॉक्टर, तुमाले मालूम होतं?"

मी हो म्हणालो. खोटं बोलायची हिंमतही लागते, ती माझ्यात नव्हती. ती म्हणाली, "चाय घ्यान?" मला तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. सरांना हसायचा हक्क मी त्या चहासोबत गमावला. तरी आजही हसतो, ती सवय आहे.

सरांनी काकूंना सांगितलं की गल्लीत रोग आला होता. काकू कोणाच्या ओट्यावर बसायला जात नसत, त्यामुळे त्यांच्यापर्यंत तेवढंच पोहोचलं.

पुढचं काम शमीमबीने केलं. मी फक्त मजुरी केली. तिला कोणाचं शास्त्र नको होतं, पण गुडघे तेच होते आणि चारा तसाच महाग. सरांनी पहिल्या दिवशी दिलेलं सालींचं एक पोतं तिच्याकडे पडून होतं. ते तिने फेकलं नाही. अंगणातल्या टिनाच्या पत्र्यावर साली पसरल्या आणि मोडल्यावर कटकन आवाज येईपर्यंत वाळवल्या. बुरशीचा ठिपका दिसला की ती साल बाजूला. मग कुटून, तुरीच्या कुटारात मिसळून, पहिल्या दिवशी एका बकरीला एकच मूठ. आठ दिवस तेवढंच. मग दीड मूठ. केळीचा बुंधा बारीक चिरून दिवसभर सुकवायचा, तेव्हा कुठे बकऱ्यांनी तोंड लावलं. कधी मीठ, कधी हरभऱ्याचं टरफल. रोज सकाळी लेंडी बघायची, कुशीवर हात ठेवायचा, आणि काही वेगळं वाटलं की दोन पावलं मागे. मी मोजून लिहून ठेवत होतो, आणि कुठली गोष्ट घातक ते सांगत होतो, जे आधीच सांगायला हवं होतं. पुढच्या उन्हाळ्यात सहा बकऱ्या बिनपाल्याच्या दिवसांतही दूध देत होत्या. गल्लीत पुन्हा लोटे दिसायला लागले.

सरांना हे कळायला वेळ लागला नाही. एका दुपारी ते तिच्या अंगणात उभे राहून टिनावरच्या साली बघत होते. तिने त्यांना काढलं नाही. त्यांनी विचारलं, तिने सांगितलं, त्यांनी लिहिलं. महिनाभरात त्यांच्या व्हॉट्सॲपवर "माझी संतुलित आहार पद्धती" फिरायला लागली. त्यात मूठ हा शब्द नव्हता. तिथे ग्रॅम होते.

मग जळगाव जामोदला एक शेतकरी मेळावा भरला आणि सरांना सत्काराला बोलावलं. मला दवाखान्याचा माणूस म्हणून जावं लागलं. काकूही आल्या होत्या, नवं लुगडं नेसून, पहिल्या रांगेत. शमीमबीला सरांनीच बोलावून घेतलं होतं, "लाभार्थी" म्हणून. सोबत एक बकरी आणायची होती, ती तिने आणली नाही. "गर्दीत भेते ते," म्हणाली.

सर पाऊण तास बोलले. कचरा नावाची वस्तू नाही, आळशी माणसं, वगैरे. शाल, नारळ. मग निवेदकाने शमीमबीच्या हातात माईक दिला आणि सांगितलं, सरांमुळे काय फायदा झाला ते दोन शब्दांत सांगा.

ती माईक हनुवटीखाली धरून म्हणाली, "सरनं लगनातला भात आनून देल्ला. माह्या तीन बकऱ्या मेल्या. मंग मले समजलं का एकदम नाई द्या लागत, मुठी मुठीनं द्या लागते. ते आता मी देतो." मग तिने जोडलं, "सरच्या पाचबी बकऱ्या चांगल्या हायेत. त्याईले सरनं तो भात नोता देल्ला." आणि माईक परत दिला.

ती रागाने बोलली नव्हती. दोन शब्द सांगा म्हटलं, तिने सांगितले. मंडपात काही लोक हसले, काहींनी सवयीने टाळ्या वाजवल्या. सर मंचावर मान डोलवत होते. त्यांना वाटलं, कौतुकच चाललं आहे.

काकू हसल्या नाहीत. येताना बसमध्ये सर त्यांच्या शेजारी बसून आपलंच भाषण पुन्हा सांगत होते. संग्रामपूर जवळ आलं तेव्हा काकूंनी एकदाच विचारलं, "तुमी तर म्हनत होते रोग आला व्हता?"

"तांत्रिक गोष्ट आहे," सर म्हणाले. "तुला समजणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यावर होतो. गोठ्याचं दार वाजलं आणि काकू बाहेर आल्या. एका हातात दोन दोर, दुसऱ्यात एक. मागे तीन बकऱ्या. पाचांतल्या त्यांनी सगळ्यात चांगल्या निवडल्या होत्या. ह्या बाईला बकरी कळते हे मला तेव्हा समजलं. गल्लीच्या मधोमध, कोणाकडे न बघता त्या चालत निघाल्या. चारपाच दारांतून बायका बाहेर आल्या. सर बनियनवर धावत सुटले.

"अगं, कंट्रोल बिघडेल! माझी तीन वर्षांची आकडेवारी आहे!" आणि काकू थांबत नाहीत म्हटल्यावर पुण्याची भाषा गेली. "काऊन ऐकून नाई राह्यली? कुठी नेऊन राह्यली त्याईले?"

एक बकरी मधेच अडून बसली. मी खाली उतरलो आणि तिचा दोर धरला. ह्याला धैर्य म्हणू नये. काकूंचे हात भरले होते, एवढंच.

शमीमबी दारात दूध मोजत होती. काकूंनी दोर तिच्या हातात दिले. "तीन गेल्या न? तीन आनल्या. पाहून घेजो."

"काकू, सरले इचारलं काय?"

"चाळीस वर्सं त्याईलेच इचारत आली," काकू म्हणाल्या. "त्यानं काय झालं?"

नको म्हणावं असं शमीमबीच्या मनात आलं असावं. मग तिने वाकून एकेकीच्या कुशीवर हात ठेवला, डोळ्याची पापणी उलटून पाहिली आणि तिघींना सावलीत बांधलं.

सर धापा टाकत पोहोचले तेव्हा अंगणात माणसं जमली होती. आता ते ओरडतील, बकऱ्या सोडून नेतील, असं सगळ्यांना वाटलं. मलाही. त्यांनी तिघींकडे पाहिलं. काकूंकडे पाहिलं. काकूंनी नजर खाली केली नाही.

मग ते तिथल्याच बाजेवर बसले, कमरेला खोचलेली वही काढली आणि घसा साफ केला. "ह्यांना आज काय द्यायचं?" त्यांनी विचारलं. कोणाला ते नीट कळेना, कारण ते वहीकडे बघत होते.

"एक एक मूठ," शमीमबी म्हणाली. "आठ दिवस तेवढंच. नव्या जाग्यावरच्या हायेत त्या, भेलेल्या. पानी पहिले."

"पाणी पहिले," सरांनी म्हणत म्हणत लिहिलं. "एक मूठ. आठ दिवस. पुढे?"

"पुढं मंग पाहू."

"पुढे, निरीक्षणानुसार," सरांनी लिहिलं. शमीमबीने आपली मूठ त्यांच्यासमोर धरली, केवढी ते कळावं म्हणून, आणि त्यांनी तिच्या मुठीशेजारी स्वतःची मूठ धरून पाहिली. त्यांची मोठी निघाली. त्यांनी तेही लिहिलं. पानाच्या खाली रेघ ओढली, तारीख घातली, आणि उजव्या कोपऱ्यात ऐटीत स्वतःची सही केली.